कलावंताची रोजकीर्द



पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें सुमारें शंभर किलोमीटर गेलें कीं भिगवण लागतें. गांव इंदापूर तालुक्यांतलें, पण बारामतीशीं त्याचा व्यवहार रोजचा. येथें रेल्वेचें स्टेशन आहे, मासळीचा मोठा बाजार आहे, जवळच कागदाचा कारखाना आहे, आणि हिवाळ्यांत उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात ते पाहावयास लांबलांबचे लोक येतात. याच पाण्याच्या कांठीं, थोड्या अंतरावर, पळसदेव आहे. १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यांत जुनें पळसदेव बुडालें आणि त्याबरोबर पळसनाथाचें प्राचीन देऊळही बुडालें. एरवीं तेथें पाणीच पाणी. परंतु एखाद्या वर्षीं पाऊस दगा देतो, धरण उतरत उतरत तळाला लागतें, आणि मग पाण्यांतून प्रथम शिखर, मग खांब, मग भिंती व कोरीव दगड असें सबंध देऊळ वर येतें. लोक होड्या करून जातात, दर्शन घेतात, हळहळतात. आणि मृगाच्या चार सरी चांगल्या कोसळल्या कीं तें पुनः पाण्याखालीं जातें. देऊळ दिसतें तेव्हां तें घडविणाराची आठवण होते. पण त्याचें नांव पुसलें तर होडीवाल्यालाही सांगतां येत नाहीं आणि उतारूलाही.

आजचें भाषण देवळाविषयीं नाहीं. पण मनुष्याच्या हातून झालेलें काम पाण्याखालीं कसें जातें, आणि तें वर ठेवावयाचें तर काय करावें लागतें, याचा विचार करावयाचा असल्यामुळें आरंभीं पळसदेवाचें स्मरण केलें. हा विचार ज्यांना सर्वांत निकडीचा आहे तो वर्ग म्हणजे डिझायनर मंडळींचा.

डिझायनर हा शब्द आतां घरोघर रुळला आहे. एके काळीं अशा कलावंताला कमर्शियल आर्टिस्ट म्हणत. पाठ्यपुस्तकी भाषेंत उपयोजित कलेचा चित्रकार म्हणतात. पुस्तकाचें मुखपृष्ठ, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिरातींतलें अक्षर, बँकेचें बोधचिन्ह, सहकारी कारखान्याची दिनदर्शिका, मोबाइलच्या पडद्यावरचीं बटणें, हीं सारीं त्याच्याच हातचीं. दिवाणखान्यांतल्या तैलचित्राखालीं चित्रकाराची सही असते. साबणाच्या वेष्टनावर ती कोणीं पाहिली आहे काय? तैलचित्र पाहण्यासाठीं असतें; वेष्टन फोडण्यासाठीं असतें. ज्या क्षणीं डिझायनरचें काम सफल होतें त्याच क्षणीं तें कचऱ्याच्या टोपलींत जातें. हा त्या धंद्याचा धर्मच आहे, आणि त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाहीं.

भिगवणच्या परिसरांत ज्या जातीचा कागद तयार होत आला आहे त्या कागदाकडे पाहिलें तर ही गोष्ट चांगली समजते. छापखान्यांतले लोक ज्याला आर्ट पेपर म्हणतात, त्यावर खडूच्या जातीच्या पांढऱ्या भुकटीचा व चिनी मातीचा, चिकट द्रव्यांत कालविलेला पातळ लेप दिलेला असतो. लेप वाळला कीं गुळगुळीत रुळांमधून कागद दाबून काढतात आणि त्याला झिलई येते. साध्या कागदांत शाई मुरते व पसरते. या लेपावर ती वरच राहते. म्हणून रंगीत छपाईचे बारीक ठिपके रेखीव उमटतात आणि चित्र जिवंत दिसतें. परंतु हा कागद जितका देखणा तितकाच हळवा आहे. एकदां भिजला कीं पानें एकमेकांस चिकटतात, आणि तीं सोडवूं गेलें तर लेपासकट चित्रच सोलून निघतें. ज्या डिझायनरनें वीस वर्षांचीं छापील कामें एका लांकडी पेटींत ठेवलीं आणि वरच्या कौलांतून एका रात्रीं पाणी झिरपलें, त्याच्या हातीं सकाळीं वीटच येते. पाण्यांतून न गेलेलें काम वाळवीच्या पोटांत नाहीं तर रद्दीच्या तराजूंत जातें.

म्हणून आतां बहुतेक डिझायनर आपलें पूर्वीचें काम इंटरनेटवर मांडतात. पूर्वीं काळ्या पुठ्ठ्याची मोठी बासनें बगलेंत मारून मुंबईंत जाहिरात कंपन्यांचे जिने चढावे लागत. आतां एक पत्ता कळविला कीं पुण्याचा, दुबईचा वा न्यूयॉर्कचा मनुष्य घरबसल्या सारें पाहतो. अशा कामासाठींच २००५ सालीं न्यूयॉर्कला निघालेली ‘बिहान्स’ नांवाची सोय जगभर वापरली जाते. २०१२ सालीं ती ‘अडोबी’ कंपनीनें विकत घेतली. कोणी असल्या सामाईक धर्मशाळेंत उतरतो, कोणी स्वतःचें संकेतस्थळ बांधतो. दोन्हींचा हेतु एकच कीं, ‘दाखवा पाहूं आजवर काय केलें’ असें कोणी विचारल्यास हात रिकामे दिसूं नयेत. हा प्रश्न पोटाचा आहे. पस्तिशीच्या कारागिरानें पंधरा वर्षें राबून शेंकडों कामें केलीं, आणि त्यांपैकीं एकही दाखवितां येत नाहीं, तर बाजारांत त्याची किंमत कालच्या उमेदवाराइतकीच ठरते.

येथें एक आक्षेप नेहमीं निघतो. आपल्या तोंडानें आपली स्तुति सांगणें आपल्याकडे हलकेंपणाचें मानलें आहे. काम चांगलें असेल तर तेंच बोलेल, असें वडील मंडळी म्हणतात. आक्षेप सद्हेतूचा आहे, पण त्यांत एक घोटाळा आहे. जो दुकानदार रोजकीर्द लिहितो त्याला कोणी बढाईखोर म्हणत नाहीं. उलट जो लिहीत नाहीं त्याचें दिवाळें निघण्याची लोक वाट पाहतात. काम बोलेल हें खरें, पण तें जिवंत राहिलें तर बोलेल. कलावंतानें आपल्या कामाची नोंद ठेवणें ही आत्मस्तुति नसून हिशेब आहे. आणि हिशेब ठेवावयाचा तो खरेपणानेंच ठेवला पाहिजे, हें ओघानेंच आलें.

नोंद ठेवली तरी ती कोठें ठेवली याला किती महत्त्व आहे, तें अजिंठ्याच्या चित्रांच्या इतिहासावरून दिसतें. मद्रासच्या फौजेंतला रॉबर्ट गिल हा अंमलदार १८४४ सालीं कंपनी सरकारनें अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमला. त्यानें जंगलांत, उकाड्यांत, वर्षानुवर्षें राबून मोठमोठ्या तैलनकला केल्या आणि त्या लंडनला गेल्या. सिडनहॅमच्या स्फटिकगृहांत त्या मांडल्या असतां डिसेंबर १८६६ मध्यें तेथें आग लागली आणि त्यांपैकीं बहुतेक सर्व जळाल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपले विद्यार्थी बरोबर घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत तेंच काम पुनः केलें. त्याही नकला लंडनला गेल्या, आणि १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत त्यांपैकीं कित्येक नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स खचले नाहींत. त्यांनीं उरलेल्या साहित्यावरून १८९६-९७ मध्यें दोन मोठे छापील खंड काढले. छापील पुस्तकाच्या अनेक प्रती अनेक गांवीं जातात. सर्वांना एकाच वेळीं आग लागत नाहीं. एका ठिकाणीं ठेवलेली नोंद ही नोंदच नव्हे, हा धडा दोन आगींनीं शिकविला.

याच ग्रिफिथ्सांच्या कलाशाळेंत ८ जानेवारी १८९० रोजीं कोल्हापूरचा एक बावीस वर्षांचा तरुण दाखल झाला. तेच पुढें रावबहादूर झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर. १८९५ सालीं त्यांच्या ‘आलीस कां ग लक्ष्मी?’ या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. पौराणिक व ऐतिहासिक चित्रांसाठीं त्यांचें नांव गाजलें हें खरें. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांच्या कामाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. रेल्वेचीं जाहिरातचित्रें, पोस्टकार्डें, ग्रंथांतलीं चित्रें असें आजचा डिझायनर करतो तें सारें काम धुरंधरांनीं विपुल केलें. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तकाला चित्रें त्यांचींच. आणि आपल्या श्रावणांतल्या कहाण्या इंग्रजींत सांगणारें सी. ए. किंकेड यांचें ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हें १९१४ सालीं मॅकमिलननें काढलेलें पुस्तक, त्यालाही चित्रें धुरंधरांचींच.

धुरंधरांना दुसरा एक गुण होता, आणि तो प्रतिभेइतकाच दुर्मिळ आहे. ते व्यवस्थित होते. १९४० सालीं त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हें आपलें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें आणि त्याला तारखांची चौकटच घातली: ८ जानेवारी १८९० ते ३१ जानेवारी १९३१. आंत शिरलेला दिवस आणि निवृत्त झालेला दिवस! कोणाच्या हाताखालीं काय शिकलों, कोणतें काम कोणाच्या सांगण्यावरून केलें, त्यांत कोणती अडचण आली, हें त्यांनीं लिहून ठेविलें. म्हणूनच त्या काळच्या कलाशिक्षणाचा इतिहास लिहूं बसणाराला आजही त्या पुस्तकाकडे वळावें लागतें. धुरंधर १९४४ सालीं वारले. त्यांची कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे.मध्यें शिकलेल्या चित्रकार. १९१२ सालीं जन्मलेल्या या बाईंनीं २००९ पर्यंतचें दीर्घ आयुष्य लाभलें असतां वडिलांचा ठेवा जिव्हाळ्यानें सांभाळला आणि स्वतःही ‘माझीं स्मरणचित्रें’ लिहून ठेवलीं. २०१८ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत धुरंधरांच्या कामाचें मोठें प्रदर्शन झालें, तें असल्या जपणुकीशिवाय होऊं शकलें नसतें. घरांत एक मनुष्य जपणारा असला म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण आहे.

आणि आतां नवलाची गोष्ट पाहा. भारतीय कायद्यानें चित्रावरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. धुरंधरांच्या कामावरचा हक्क त्या हिशेबानें २००४ च्या अखेरीस संपला. किंकेडचें तें कहाण्यांचें पुस्तक आज ‘प्रॉजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळावर कोणासही फुकट पाहतां येतें. १९१४ सालीं जें पुस्तक फार थोड्या मराठी घरांत पोंचलें असेल, तें आज भिगवणच्या एस. टी. थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या हातांतल्या फोनवर उघडतें. चित्रें त्यांच्या नांवासकट आहेत. मुखपृष्ठावर चित्रकाराचें नांव छापण्याची काळजी शंभर वर्षांपूर्वीं कोणीतरी घेतली, म्हणून.

नुसतें काम दाखविणें वेगळें आणि कामामागचा विचार दाखविणें वेगळें. या दुसऱ्या गोष्टीचा आदर्श कमल शेडगे यांनीं घालून दिला. १९३५ सालीं जन्मलेल्या शेडग्यांनीं मराठी नाटकांच्या जाहिरातींतलीं अक्षरें घडविण्यांत हयात घालविली. वर्तमानपत्रांतली नाटकाची जाहिरात म्हणजे आयुष्य किती? सकाळी चहाबरोबर वाचावी, दुपारीं त्यांतच भजीं बांधून यावींत. परंतु शेडग्यांनीं त्या दोन इंचांच्या जागेंत नाटकाचा सूर अक्षरांतून ऐकू यावा असा हट्ट धरला. विनोदी नाटकाचीं अक्षरें उड्या मारीत, ऐतिहासिक नाटकाचीं ताठ उभीं राहत. रद्दीच्या पोटीं जन्मलेलीं हीं अक्षरें त्यांनीं स्वतः जमवून, निवडून ‘माझी अक्षरगाथा’, ‘चित्राक्षरं’, ‘कमलाक्षरं’ अशा पुस्तकांतून मांडलीं. २०२० सालीं ते वारले तेव्हां वर्तमानपत्रांना त्यांच्यावर लिहितां आलें, कारण दाखवावयास काम शिल्लक होतें. त्याच काळांत तितकेच कसबी असे दुसरे कितीतरी हात नाटकांच्या, सिनेमांच्या आणि सर्कशींच्या जाहिराती रंगवीत होते. त्यांचें काय झालें, हा प्रश्न विचारतांच पळसदेवाचें पाणी डोळ्यांपुढें येतें.

याच्या उलट बाजूचें उदाहरण सर्वांच्या घरांत आहे. संगणकावर मराठी टंकलेखन करणाऱ्या ज्या कोणीं विंडोज वापरलें असेल, त्यानें ‘मंगल’ हें अक्षर पाहिलेंच आहे. कचेरींतले अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, न जाणों किती कागद त्या अक्षरांत निघाले. हें अक्षर ज्यांच्या मार्गदर्शनाखालीं घडलें ते प्राध्यापक रघुनाथ कृष्ण जोशी. ते १९३६ सालीं जन्मले व २००८ सालीं वारले. कवि, सुलेखनकार, आय. आय. टी. मुंबईच्या अभिकल्प केंद्रांतले शिक्षक, असा हा मोठा मनुष्य. त्यांच्या विद्यार्थ्यांनीं आणि चाहत्यांनीं त्यांचें नांव जागतें ठेवलें आहे. तरी पण रोज ‘मंगल’मध्यें लिहिणाऱ्या शंभर लोकांना विचारलें तर एखाद्याला तरी तें नांव सांगतां येईल कीं नाहीं, शंकाच आहे. अक्षराच्या फाइलींत घडविणाऱ्याचें नांव लिहिण्यासाठीं एक स्वतंत्र रकाना असतो. छायाचित्राच्या फाइलींतही तसाच रकाना असतो. तो भरलेला असला तर फाइल कोठेंही गेली तरी नांव बरोबर जातें. देवळाच्या दगडांतच पाथरवटानें नांव कोरावें तसें. आणि बहुतेक कारागीर तो रकाना रिकामा सोडतात!

येथें कायद्याचा एक मुद्दा सांगितला पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें नोकरीच्या ओघांत केलेल्या कामाचा पहिला धनी, वेगळा करार नसल्यास, मालकच ठरतो. यामुळें पुष्कळ तरुणांचा समज होतो कीं नोकरी सुटली म्हणजे कामावरचें नांवही सुटलें. तसें नाहीं. सत्तावन्नावें कलम म्हणतें कीं हक्क दुसऱ्याला दिल्यावरही ‘हें काम माझें’ असें म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. मात्र तें काम सार्वजनिक ठिकाणीं मांडावयाचें तर धन्याची परवानगी हवी, आणि अजून बाजारांत न आलेल्या मालाचीं गुपितें फोडणें हें तर कोणत्याही धंद्यांत अक्षम्य आहे. म्हणून शहाणा डिझायनर काम घेतानांच करारपत्रांत एक ओळ घालतो कीं, काम प्रसिद्ध झाल्यानंतर तें आपल्या संग्रहांत नांवानिशीं दाखविण्याची मुभा असावी. तोंडीं सांगण्यापेक्षां लिहिलेली एक ओळ पुढें दहा वर्षांचा मनस्ताप वांचविते.

आतां इंटरनेटच्या स्वभावाविषयीं. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं एकदां तेथें चढविलें म्हणजे तें अक्षय झालें. अनुभव निराळा आहे. जिओसिटीज नांवाच्या वसाहतींत लोकांनीं लाखोंनीं पानें उभारलीं होतीं. २००९ सालीं ती वसाहत उठली. ऑर्कुटवर मराठी तरुणांचे केवढे मेळावे भरत. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं तें बंद झालें. ज्यांनीं आपलीं हलतीं चित्रें फ्लॅश नांवाच्या तंत्रांत केलीं, त्यांच्या कामाला ३१ डिसेंबर २०२० नंतर साध्या संगणकावर उघडण्याचीच सोय उरली नाहीं. आणि मराठी डिझायनरची तर जास्त अडचण. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं प्रत्येक छापखान्याचा मराठी टंक आपापल्या सोयीनें बांधलेला असे. वीस वर्षांपूर्वींची ती फाइल आज उघडली आणि तो टंक यंत्रावर नसला, तर पडद्यावर मराठीऐवजीं इंग्रजी मुळाक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर आहे, पण वाचतां येत नाहीं. धरणाचें पाणी निदान उन्हाळ्यांत तरी उतरतें.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. १९९६ सालीं ब्रूस्टर काल यांनीं ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था काढली; जगांतल्या संकेतस्थळांच्या प्रती ती घेत असते, आणि २००१ पासून त्या जुन्या प्रती कोणालाही पाहतां येतात. बुडालेल्या जिओसिटीजचा बराच भाग अशा प्रयत्नांनींच वांचला. तरी दुसऱ्याच्या भरवशावर सारी मिळकत ठेवूं नये, हा व्यवहार येथेंही खराच. सामाईक धर्मशाळेंत अवश्य उतरावें, चार लोक तेथें भेटतात. पण स्वतःच्या नांवाचें लहानसें घर असावें, त्याची वार्षिक फी वेळेवर भरावी, आणि सर्व कामाच्या प्रती तीन ठिकाणीं ठेवाव्यात: एक जवळच्या संगणकावर, एक वेगळ्या पेटींतल्या डिस्कवर, आणि एक घरापासून दूर. ग्रिफिथ्सांचा धडा तोच आहे.

प्रत्यक्ष नोंद कशी करावी, हेंही थोडक्यांत पाहूं. जुनें छापील काम प्रथम चांगल्या उजेडांत, सपाट ठेवून, टिपून घ्यावें. रंगीत काम असल्यास यंत्राची बारकाई इंचाला निदान तीनशें ठिपके, आणि काळ्यापांढऱ्या अक्षरांचें रेखाकाम असल्यास सहाशें ठेवावी. छापील चित्र मुळांतच बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. बारकाई कमी पडली तर त्यावर नको असलेली जाळी उमटते. मूळ प्रत जशीच्या तशी राखावी, आणि दाखविण्यासाठीं हलकी प्रत निराळी करावी. संगणकांतल्या फाइलींची एक प्रत अशा रूपांत ठेवावी कीं टंक तिच्या पोटांतच राहील, आणि त्यांतला मराठी मजकूर युनिकोडमध्यें पुनः लिहून काढावा. चित्रांतलीं अक्षरें यंत्राला शोधतां येत नाहींत. शेजारीं लिहिलेलीं सांपडतात. शिवाय ज्याला डोळ्यांनीं दिसत नाहीं त्याचा फोन तोच लिहिलेला मजकूर त्याला वाचून दाखवितो.

यानंतर प्रत्येक कामाला एक चिठ्ठी जोडावी. काम कोणासाठीं केलें, कोणत्या वर्षीं, कोणत्या मापाचें, कोणत्या कागदावर, कोठें छापलें. मागणाऱ्याची अडचण काय होती आणि ती कशी सोडविली. आपण काय केलें आणि दुसऱ्यांनीं काय केलें. एवढ्या सात-आठ ओळी काम संपल्याच्या दिवशीं लिहिण्यास पाव तास लागतो. वीस वर्षांनीं आठवून लिहावयाच्या म्हटल्या तर महिना पुरत नाहीं, आणि लिहिलें तें खरेंच असेल याची खात्री नसते. धुरंधरांच्या तारखा म्हातारपणीं आठविलेल्या दिसत नाहींत. त्या वेळच्या वेळीं टिपलेल्या असल्या पाहिजेत.

राखणें आणि मांडणें या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या वाड्यांत कोठी असे आणि ओसरी असे. कोठींत सारें धान्य. ओसरीवर पाहुण्यापुढें तबकांत चार जिन्नस. पुष्कळ तरुण आपली सगळी कोठीच ओसरीवर ओततात. पाहुणा गोंधळतो आणि उठून जातो. दहा-बारा कामें निवडावींत, प्रत्येकाची गोष्ट नीट सांगावी, आणि बाकीचें वर्षवार यादींत ठेवावें. निवडलेल्यांत एखादें असेंही असूं द्यावें कीं जें गिऱ्हाइकानें नापसंत केलें, पण ज्यांत विचार चांगला होता. पहिल्या कच्च्या रेघा, खोडाखोड, सोडून दिलेल्या वाटा यांचीं चित्रेंही थोडीं द्यावींत. हल्लीं यंत्राला चार शब्द सांगितले कीं तें क्षणार्धांत गुळगुळीत चित्र काढून देतें. अशा दिवसांत गुळगुळीतपणाला मोल राहिलें नाहीं. एखाद्या मनुष्यानें कसा विचार केला, कोठें चुकला आणि कसा सावरला, याला मोल आहे. आणि तें खोडाखोडींतच दिसतें.

सर्वांत नाजूक गोष्ट शेवटीं सांगावयाची राहिली. ती प्रामाणिकपणाची. मोठें काम एकट्याचें कधींच नसतें. छायाचित्र एकाचें, मजकूर दुसऱ्याचा, अक्षर तिसऱ्याचें, छपाई चौथ्याची. मांडणाऱ्यानें सगळ्यांवर आपलेंच नांव टाकलें तर तो ज्या अन्यायाबद्दल रडतो तोच अन्याय दुसऱ्यावर करतो. मुंबईची ‘एक टाइप’ ही अक्षरकारांची मंडळी या बाबतींत अनुकरणीय आहे. त्यांनीं घडविलेलें ‘मुक्त’ हें देवनागरी अक्षर कोणासही विनामूल्य वापरतां येतें, आणि त्याचें मूळ साहित्य इंटरनेटवर उघडें ठेवलेलें आहे. तेथें अंतिम वस्तूबरोबर ती घडविल्याची वहीही ठेवलेली आहे. आय. आय. टी. मुंबईच्या अभिकल्प केंद्रानें चालविलेल्या ‘डी-सोर्स’ या संग्रहांतही देशांतल्या कारागिरीच्या व डिझाइनच्या नोंदी, करणाऱ्यांच्या पद्धतींसह, सर्वांस खुल्या आहेत. नवशिक्यांनीं तेथें जाऊन पाहावें.

हें सारें मोठ्या शहरांतल्या मोठ्या कलावंतांचें झालें, असें कोणी म्हणेल. तसें मानण्याचें कारण नाहीं. कोणत्याही बाजाराच्या गांवीं, मग तें भिगवण असो, इंदापूर असो कीं बारामती, दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, जत्रेचीं पत्रकें, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या चिठ्ठ्या, हें काम कोणीतरी करीतच असतें. अजून हातानें पाट्या रंगविणारे थोडे शिल्लक आहेत. त्यांचें ब्रशाचें वळण दोन दुकानांच्या नूतनीकरणांत पुसलें जाईल. असल्या पाटीचें एक छायाचित्र, खालीं रंगविणाऱ्याचें नांव आणि सालाचा आंकडा, एवढें जरी त्याच्या शिकलेल्या मुलानें वा नातीनें करून ठेवलें, तरी तें अंबिकाबाईंच्या जातीचेंच काम होईल. त्याला पैसा लागत नाहीं. फोन प्रत्येकाच्या खिशांत आहे. लागतो तो आळस झटकण्याचा निश्चय.

पळसनाथाचें देऊळ पुढल्या एखाद्या कोरड्या उन्हाळ्यांत पुनः वर येईल. लोक पुनः होड्या करून जातील आणि खांबांवरून हात फिरवितील. हें कोणीं केलें, असें एखादें लहान मूल विचारील, आणि बरोबरचीं वडील माणसें गप्प बसतील. आज जे कागदावर आणि पडद्यावर राबत आहेत त्यांच्या कामापुढें उभें राहून पुढच्या पिढीच्या मुलानें तोच प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर मिळावें कीं न मिळावें, हें ठरविणें त्यांच्याच हातीं आहे. रोजकीर्दीचें पान उघडें आहे. आजची तारीख घालून पहिली ओळ लिहावी.